साधनाचे विवरण आणि यांत्रिक वाचक

संगणकावरील साधन तयार झाले म्हणजे ते कसे वापरावे हे सांगणारे विवरण त्याच्यासोबत द्यावे लागते. आजवर हे विवरण माणसासाठी लिहिले जाई. गेल्या काही वर्षांत त्याला दुसराही वाचक लाभला आहे. भाषा-प्रतिमानाच्या आधारे चालणारा आणि स्वतःच आज्ञा देऊन कामे पार पाडणारा हा वाचक ‘एजंट’ या नावाने ओळखला जातो. त्याच्यासाठी लिहिताना नेमके काय बदलावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी सिद्ध केलेली युनिक्सची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधील आहे. तीत प्रत्येक आज्ञेचे नाव, वापराचा नमुना व वर्णन यांबरोबर ‘दोष’ असेही एक शीर्षक आढळते. साधन कोठे फसते हे ते घडविणाऱ्यानेच लिहून ठेवावे, ही प्रथा आजही अनुकरणीय आहे. परंतु या पुस्तिकेचा वाचक जाणता आहे, हे तीत गृहीत धरलेले होते. न लिहिलेले तो अनुभवाने भरून काढील, अडल्यास शेजाऱ्यास विचारील, शंका आल्यास थबकेल, अशी ती अपेक्षा होती.

‘आरसिंक’ या १९९६ पासून प्रचलित असलेल्या साधनाचे उदाहरण घेऊ. एका फोल्डरची प्रत दुसरीकडे जुळवून ठेवणे हे त्याचे काम. मूळ फोल्डरच्या नावापुढे तिरपी रेघ नसेल, तर तो फोल्डर जसाच्या तसा गंतव्य फोल्डरच्या आत जाऊन बसतो. रेघ असेल, तर केवळ त्यातील मजकूर गंतव्यात जातो. आता ‘डिलीट’ हा पर्याय जोडला, म्हणजे मुळात नसलेल्या फायली गंतव्यातून पुसल्या जातात. ‘संग्रह’ या फोल्डरात इतर अनेक फोल्डरांशेजारी ‘नोंदी’ ठेवावयाच्या असताना रेघ चुकून पडली, तर ते शेजारचे सर्व फोल्डर नाहीसे होतात. रेघेचा नियम पुस्तिकेत आहे. पुसण्याच्या पर्यायाविषयी इशारा आणि आधी कोरडी चाचणी घेण्याचा सल्लाही आहे. मात्र ही विधाने दूरदूरच्या जागी आहेत, आणि त्यांची सांगड वाचकाने घालावयाची आहे. एकदा हात पोळलेला माणूस ती घालतो. एजंटाला तसा पूर्वानुभव असेलच असे नाही.

आरसिंकसारख्या सर्वपरिचित साधनाविषयी प्रतिमानाने प्रशिक्षणात पुष्कळ वाचलेले तरी असते. एखाद्या विभागाने आपल्यापुरत्या घडविलेल्या साधनाबाबत मात्र समोर ठेवलेले विवरण हेच त्याचे सर्व ज्ञान. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ या संकेतप्रणालीत हे स्पष्ट दिसते. तीत साधनाची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यावयाची याचा आराखडा. ‘फायली जुळवते’ एवढेच वर्णन दिले, तर ते खोटे नव्हे, पण निरुपयोगी आहे. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘मूळ फोल्डरातील मजकूर गंतव्यात उतरवते. पुसण्याचा पर्याय दिल्यास मुळात नसलेल्या गंतव्यातील फायली कायमच्या जातात. म्हणून आधी चाचणी-पर्यायाने यादी पाहावी. एकच फाइल हलवावयाची असल्यास हे साधन वापरू नये.’ यांतील शेवटचे वाक्य माणसासाठीच्या विवरणात सहसा नसते. अनेक साधनांतून एक निवडणाऱ्या एजंटाला बहुधा तेच सर्वाधिक उपयोगी पडते.

विवरण हे आरंभीच्या वर्णनापाशी संपत नाही. साधनाचे उत्तर हाही त्याचाच भाग मानावयास हवा. युनिक्सच्या परंपरेत काम यशस्वी झाले की बहुतेक आज्ञा मौन पाळतात. माणसाला ते मौन कळते. प्रिन्स्टन विद्यापीठात २०२४ मध्ये झालेल्या ‘एसडब्ल्यूई-एजंट’ या संशोधनात मात्र, आज्ञा यशस्वी झाली पण तिने काहीही छापले नाही, असे वाक्य मुद्दाम एजंटाला दाखविण्यात आले. त्याच संशोधनात फाइल एका वेळी १०० ओळी दाखविणे हे ३० ओळी अथवा संपूर्ण फाइल दाखविण्यापेक्षा अधिक फलदायी ठरले. म्हणजे भरमसाट मजकूर हे स्पष्टतेचे लक्षण नव्हे. चुकीच्या संदेशांचेही तसेच. ‘अवैध दिनांक’ याने एजंट पुन्हा अंदाजच बांधणार. ‘दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावा’ याने तो पुढच्याच खेपेस सुधारतो.

उपरोक्त संकेतप्रणालीत साधन केवळ वाचणारे आहे की नाश करू शकणारे, अशा खुणाही लावता येतात. तथापि साधन पुरविणारा विश्वासार्ह नसेल, तर या खुणांवर विसंबू नये, असे त्याच प्रणालीत बजावले आहे. नाश टाळण्याची अंतिम जबाबदारी विवरणावर टाकता येत नाही. त्यासाठी परवानगीचे बंधन साधनातच असावे लागते.

विवरण पुरेसे आहे की नाही, हे त्याच्या लेखकाला वाचून कळणे कठीण, कारण गाळलेले सर्व त्याला पाठ असते. सोपी परीक्षा अशी: साधनाचा निरुपद्रवी नमुना आणि केवळ विवरण एजंटाच्या हाती द्यावे, दहा-वीस खरीखुरी कामे सांगावी, आणि तो कोठे चुकीचे साधन उचलतो, कोठे चुकीची माहिती भरतो हे टिपून त्या त्या जागचे वाक्य बदलावे.