सेनेगलची मनीऑर्डर

कॅमेऱ्याचे भय सत्तेलाही वाटते! १९३४ साली फ्रान्सने आफ्रिकेतील आपल्या वसाहतींत परवान्यावाचून चित्रण करण्यास मनाई केली. १९६० मध्ये सेनेगल स्वतंत्र झाला. मार्सेयच्या गोदीत राबलेला तेथील कादंबरीकार उस्मान सेंबेन याने ओळखले, की आपल्या बहुसंख्य बांधवांना वाचता येत नाही. ऐन चाळिशीत तो मॉस्कोला जाऊन चित्रपटकला शिकला.

त्याचा ‘मंदाबी’, म्हणजे ‘मनीऑर्डर’, १९६८ मध्ये वोलोफ या लोकभाषेत बोलू लागला. पॅरिसहून भाच्याने धाडलेल्या पैशांसाठी इब्राहिमा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो. ओळखपत्र नाही, म्हणून पैसे नाहीत! अखेर एक शिकलासवरलेला आप्तच ते लाटतो. साहेब गेला, त्याची कचेरी मात्र राहिली! सेंबेनचा लढा आता तिच्याशी होता.