तारेचे घरातील स्थलांतर

बदलीच्या नोकरीत घर लावणे हा नित्याचा उद्योग होऊन बसतो. कपाटे, पलंग आणि देव्हारा यांच्या जागा एका दुपारी ठरतात. परंतु दूरचित्रवाणीची आणि इंटरनेटची तार भिंतीतून जेथे बाहेर आली असेल, तेथे मात्र आपणच तिच्या सोयीने बसायचे, असा रिवाज पडून गेला आहे. म्हैसूरहून मडिकेरीकडे जाताना लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी लागणाऱ्या हुणसूर गावी माझे सध्या वास्तव्य आहे. येथील आमच्या भाड्याच्या घरात ही तार रस्त्याकडील खिडकीच्या चौकटीतून आत आली होती, आणि मुलांचा अभ्यास चालायचा तो अगदी मागच्या खोलीत. तेव्हा तारेने जागा बदलावी हे ओघानेच आले.

तार लांबवायची म्हणजे तुकडा जोडून वर चिकटपट्टी गुंडाळायची, अशी आपली समजूत असते. विजेच्या दिव्याला ते कदाचित चालून जाईल. या तारेला चालत नाही. हिच्या मध्यभागी तांब्याचा गाभा, त्याभोवती पांढरे फेसाळ आवरण, त्यावर धातूचा पत्रा व जाळी, आणि सर्वांवर काळी साल असते. ऑलिव्हर हेविसाइड यांनी इंग्लंडमध्ये १८८० साली या रचनेचे पेटंट घेतले. गाभा आणि जाळी यांच्यामधील अंतर सर्वत्र सारखे राहिले तरच संदेश सुखरूप जातो. तार कोपऱ्यात काटकोनात दुमडली किंवा खिळ्याखाली चेपली, की तेथून काही अंश मागे उसळतो. म्हणून वळण घ्यायचे ते तारेच्या जाडीच्या दहापट त्रिज्येने, म्हणजे साधारणपणे ७ सेंटीमीटरांच्या गोलाईने घ्यावे.

लांबीचाही कर द्यावा लागतो. उच्च कंपनसंख्येच्या वाहिन्यांची सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती ३० मीटरांत खर्ची पडते. एका तारेच्या दोन करणारी डबी, जिला केबलवाले स्प्लिटर म्हणतात, प्रत्येक फाट्याला निम्म्याहूनही कमी शक्ती देते. पूर्वीच्या भाडेकरूंनी लावलेल्या अशा डब्या पुष्कळदा कोणाच्याही उपयोगाच्या नसतात. त्या काढून टाकणे हीच खरी आवराआवर. पट्टीखाली तार लपवणे ही केवळ रंगसफेदी होय.

येथवर प्रश्न आपल्या घरापुरता होता. परंतु ब्रॉडबँडची तार दुहेरी वाहतुकीची असते. मोडेमकडून परत जाणारा संदेश सुमारे ५ मेगाहर्ट्झपासून पुढच्या खालच्या पट्ट्यात चालतो, आणि रेडिओच्या लघुलहरीही नेमक्या त्याच पट्ट्यात आहेत. सैल जोड किंवा मोकळे सोडलेले टोक तेथे एरियलचे काम करते. दूरदेशीचे प्रक्षेपण, मिक्सरच्या मोटारीतील ठिणग्या, सारेच तारेत शिरते. एका शाखेवरील सर्व घरांचा असा गोंगाट केंद्रापाशी एकत्र होतो. एका घरातील ढिला जोड अशा रीतीने आळीतील दुसऱ्याच मुलाचा ऑनलाइन वर्ग खंडित करू शकतो, आणि दोष बिचाऱ्या केबलवाल्यावर येतो. न वापरलेल्या टोकावर ७५ ओहमचे टोपण बसवण्याचा खर्च किरकोळ आहे.

घरमालकाची संमती घेऊन भिंतीला भोक पाडावे. ते बाहेरच्या बाजूस किंचित उतरते असावे आणि तारेला शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथूनच ठिबकते. विजेच्या तारांपासून वीतभर अंतर राखावे. खांबावरील डबी केबलवाल्याची. तिला हात लावू नये. गडगडाटी पावसाच्या मुलखात तारेची बाहेरील जाळी भूमीशी जोडलेली आहे की नाही, हेही त्यालाच विचारावे. काही गावांत आता घरापर्यंत काचतंतूच येतो. तोही तीव्र वळण सोसत नाही, आणि त्याचा जोड घरी करता येत नाही.

मोडेमच्या माहितीपृष्ठावर येणाऱ्या आणि जाणाऱ्या संदेशाची शक्ती डेसिबल-मिलिव्होल्टांत दिलेली असते. काम सुरू करण्यापूर्वी हे आकडे कागदावर टिपून ठेवावेत आणि जागा बदलल्यावर पुन्हा पाहावेत. जाणारा आकडा ५० च्या पलीकडे गेला, तर मोडेमला ओरडून बोलावे लागत आहे असे समजावे, आणि पहिला संशय नव्या जोडावर घ्यावा.