हबशी शिपायाचा संसार

ईजिप्तमध्ये गेबेलैन येथे चार हजार वर्षांपूर्वीच्या न्यूबियन शिपायांच्या ज्या समाधिशिला सापडल्या, त्यांपैकी नेनू नामक धनुर्धराची शिला बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. तीवर त्याच्या हाती धनुष्यबाण आहेत, शेजारी पत्नी आहे, कुत्री आहेत, आणि वेश न्यूबियन असला तरी कोरीव प्रार्थना मात्र अस्सल ईजिप्शियन आहे. चाकरीसाठी परमुलखात आलेला माणूस तेथेच संसार थाटतो व तेथल्याच देवांच्या स्वाधीन होतो. आमच्या दिल्लीतील मयूर विहारात बदलीच्या नोकरीने आलेल्या मराठी घरांतील नातवंडे आजीशी हिंदीतून हुज्जत घालतात, त्याहून हे फारसे निराळे नाही.

असा शिपाई शोधण्यास नाईलकाठी जाण्याचेही कारण नाही. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून हातोहात विकला जाऊन अखेर निजामशाहीतील चंगेजखान या हबशी पेशव्याच्या पदरी पडलेला मलिक अंबर पुढे त्याच दौलतीचा मुखत्यार झाला. त्याची जमाबंदी, त्याचा गनिमी कावा, खडकी (पुढचे औरंगाबाद) शहराचा नहर यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. घराविषयी फार थोडे. वस्तुतः त्याचे राजकारण घरातूनही चाले: कन्या त्याने मुर्तजा निजामशहास दिली, आणि १६२६ साली तो वारल्यावर वजिरी पुत्र फत्तेखानाकडे गेली.

तवारीखकार सामान्य शिपायाच्या स्वयंपाकघरात डोकावत नाहीत. ते काम आता जनुकशास्त्राने पत्करले आहे. पित्याकडून पुत्रास मिळणारे वाय गुणसूत्र आणि केवळ मातेकडून उतरणारे तंतुकणिकांतील जनुकद्रव्य वेगवेगळे तपासले, की पितृवंश व मातृवंश कोठले ते स्वतंत्रपणे कळते. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी गुजरात व कर्नाटकातील सिद्दींविषयी, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्यांच्या तेथील वंशजांविषयी, २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आफ्रिकेतील बांटूभाषकांचा वारसा स्पष्ट दिसला, भारतीय मिश्रण गेल्या सुमारे दोनशे वर्षांतील ठरले, आणि जनुकांचा ओघ शेजारच्या समाजांकडून सिद्दींकडे असा एकाच दिशेने आढळला. याचा सरळ अर्थ मला असा दिसतो, की मिश्र विवाहांची अपत्ये सिद्दींतच गणली गेली. इतर जातींनी त्यांना आपल्या पंक्तीस घेतले नाही. अर्थात मलिक अंबर इथिओपियाचा, बांटूभाषक मुलखातला नव्हे, तेव्हा हा निष्कर्ष त्याच्या घराण्यास जसाच्या तसा चिकटवणे धारिष्ट्याचे होईल.

खुलताबादेस औरंगजेबाची कबर पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनी वाट थोडी वाकडी करून मलिक अंबराची, आणि तेथेच असलेली त्याची पत्नी बीबी करीमा हिची, अशा दोन्ही कबरी अवश्य पाहाव्यात.