माऊस कुणाच्या हातात?

महाळुंग्यातून मुळा ओलांडली की माण-हिंजवडी. एकेकाळी या पट्ट्यात भाताची खाचरं होती. मुळशी म्हटलं की आंबेमोहर आठवावा, असा हा तालुका. आज नदीपलीकडे राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या काचेच्या इमारती आहेत, अलीकडे टॉवर उठताहेत आणि जून 2021मध्ये महाळुंगे पुणे महापालिकेत गेलं. या टॉवरच्या पायथ्याशी बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायकांची, रखवालदारांची आणि जमिनी विकलेल्या जुन्या घरांची मुलं मराठी शाळेत जातात. रोज संध्याकाळी कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग ती पाहतात. त्या बसमध्ये बसण्याचा रस्ता आपल्या वर्गातून जातो की नाही, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तो जातो की नाही, हे बऱ्याच अंशी शिक्षकावर ठरतं. आपण मात्र गेली चाळीस वर्षं यंत्रं मोजत आलो.

कुठल्याही साध्या शाळेच्या संगणक-लॅबमध्ये दहा मिनिटं मागच्या भिंतीला टेकून उभं राहा. एका संगणकापुढे तीन-चार मुलं असतात. ज्याच्या घरी संगणक आहे, निदान मोठ्या भावाचा लॅपटॉप आहे, तो खुर्ची पकडतो. माऊस त्याच्याच हातात जातो. कडेची मुलगी वहीत पायऱ्या उतरवून घेते. चौथं पोर पडद्याऐवजी पंख्याकडे पाहत असतं. तास संपतो, हजेरीपटावर चौघंही 'संगणक शिकलेली' असतात. यात मुलांचा दोष नाही. दर पाच मिनिटांनी माऊस पुढे सरकवायचा आणि सुरुवात कडेच्या मुलीपासून करायची, एवढी साधी शिस्तसुद्धा शिक्षकाला कुणीतरी शिकवावी लागते. ती हार्डवेअरच्या निविदेत येत नाही.

देशातल्या शाळांत संगणक आला तो 1984-85च्या 'क्लास' प्रकल्पातून. सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो पोहोचले. डिसेंबर 2004मध्ये केंद्राची 'आयसीटी अॅट स्कूल' योजना आली. पुढे महाराष्ट्रात ती 'बांधा, चालवा, हस्तांतरित करा' या पद्धतीने राबवली गेली. खासगी कंपनीने यंत्रं बसवायची, शिकवणारा माणूसही तिनेच पाच वर्षांच्या कंत्राटावर द्यायचा. तुटपुंज्या मानधनावर राबलेले ते संगणक-शिक्षक कराराबरोबर बाहेर पडले. लॅबला कुलूप लागलं, किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये गेली. शाळेतले कायम शिक्षक, म्हणजे गणित-विज्ञानाचे सर आणि बाई, या सगळ्यात बाजूलाच राहिले. माझ्या मते खरी चूक तिथे झाली.

केरळने नेमकं उलट केलं. 2001मध्ये सुरू झालेल्या 'आयटी अॅट स्कूल'मध्ये त्यांनी शाळांतल्याच शिक्षकांना तयार केलं, त्यांच्यातूनच मास्टर ट्रेनर काढले, मुक्त सॉफ्टवेअर मल्याळममध्ये आणलं. ज्ञान शाळेतच मुरलं.

आता एक दूरचं उदाहरण. जेन मार्गोलिस या संशोधिकेने सहकाऱ्यांसह लॉस एंजेलिसच्या तीन हायस्कुलांचा अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक 2008मध्ये आलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांच्या शाळांत संगणक होते, पण तिथे शिकवलं जायचं टायपिंग आणि तत्सम. कुणाला 'हे जमेल', हे शिक्षक आणि समुपदेशक मनाशी आधीच ठरवून टाकत. त्या अभ्यासातून 'एक्सप्लोरिंग कम्प्युटर सायन्स' हा अभ्यासक्रम उभा राहिला. त्याचा कणा शिक्षक-प्रशिक्षण हाच. त्यात शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन बसतात, एकमेकांना धडा घेऊन दाखवतात आणि मग वर्गात कोण बोललं, कोण गप्प राहिलं यावर चर्चा करतात.

पण हे जसंच्या तसं उचलून चालणार नाही. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत मुली साधारण पाचव्या हिश्श्याएवढ्या. आपल्याकडे हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास. रोली वर्मा यांच्या संशोधनात याचं कारण सापडतं. इथल्या घरांना संगणकाचं काम मुलीसाठी सुरक्षित, चार भिंतींतलं, मानाचं वाटतं. म्हणजे आपली चाळणी निराळ्या जागी आहे. ती भाषेत आहे, शाळेच्या प्रकारात आहे, फीमध्ये आहे. अकरावीला सायन्समध्ये 'बायफोकल' कम्प्युटर सायन्स घ्यायचं तर दहावीचे टक्के भरपूर लागतात, बहुतेक ठिकाणी वेगळी फी पडते, आणि विषय इंग्रजीतून. सी++ आणि 8085 मायक्रोप्रोसेसरपर्यंत कोण पोहोचतं आणि एमएस पेंटमध्ये झोपडी-डोंगर काढून कोण थांबतं, हे त्याआधीच, आठवी-नववीच्या वर्गात ठरलेलं असतं.

म्हणून काम तिथेच व्हायला हवं, आणि ते मराठीत करता येतं. आयआयटी मुंबईतल्या प्रा. श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी 'कम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमालिका शाळांसाठी केली. एसीएम इंडिया या संगणक-तज्ज्ञांच्या संघटनेने 2016मध्ये 'सीएसपाठशाला' सुरू केली. तिचा भर संगणकीय विचारावर आणि शिक्षकांना हाती देता येतील अशा पाठांवर आहे. यातलं बरंचसं संगणकाशिवाय शिकवता येतं. 2004मध्ये लिथुआनियात सुरू झालेली 'बेब्रास' स्पर्धाही 'सीएसपाठशाला'ने इथे आणली. तिच्यात प्रोग्रॅमिंग लागत नाही, कोडी सोडवायची असतात.

संगणकाशिवाय संगणकशास्त्र ही कल्पना न्यूझीलंडच्या टिम बेल आणि सहकाऱ्यांची. तिच्यातला एक खेळ महाळुंग्यातल्या कुठल्याही शाळेच्या पटांगणात घेता येईल. लागतो फक्त खडू आणि आकड्यांची सहा कार्डं. जमिनीवर रेषांचं जाळं आखायचं, रेषा मिळतात तिथे वर्तुळ. सहा मुलं एका टोकाला, प्रत्येकाच्या हातात आकड्याचं कार्ड. वर्तुळात दोघं भेटतात, कार्डं ताडून पाहतात. लहान आकड्याने डावीकडे जायचं, मोठ्याने उजवीकडे. बारा वर्तुळं पार झाली की पलीकडच्या टोकाला सहाही आकडे क्रमाने उभे. संगणकही सहसा असे दोन-दोन आकडे ताडूनच याद्या लावतो, आणि एकाच वेळी अनेक तुलना केल्या तर काम लवकर होतं, हेही पायांनी कळतं. इथे घरात लॅपटॉप असलेल्याला काही फायदा नाही. घरी लमाणी बोलणाऱ्या मुलीला इंग्रजीची अडचण नाही. आणि सहाजणांपैकी एकालाही काठावर उभं राहून चालत नाही. एक थांबला तर समोरचाही वर्तुळात अडकतो.

प्रशिक्षण म्हणजे या खेळाची पीपीटी दाखवणं नव्हे. चाळीस शिक्षकांना भर दुपारी त्या रेषांवर चालवायला हवं. बदलीची चिंता, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरण्याचा तगादा हे सगळं त्यांच्या मागे आहेच. म्हणून एक दिवसाचं शिबिर आणि प्रमाणपत्र देऊन त्यांची बोळवण करू नये. वर्षभर, महिन्यातून एकदा, एकाच शाळा-केंद्रातल्या शिक्षकांनी एकत्र बसावं. शिक्षक घडवावा लागतो, हे पुण्याला नवं नाही. 1848मध्ये इथल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा उभी राहिली, कारण त्याच काळात सावित्रीबाई स्वतः शिक्षिका म्हणून घडल्या होत्या. त्याच शहराच्या हद्दीत आता महाळुंगे आहे.

खेळात चूक हमखास होते. कुणीतरी घाईत उजवीऐवजी डावीकडे वळतं आणि शेवटी 17च्या आधी 23 उभा राहतो. मुलं हसतात, बोटं दाखवतात. नवखा शिक्षक इथे "कोण चुकलं?" असं विचारतो. तयार झालेल्या बाई विचारतात, "कुठल्या वर्तुळात?" मग सहाही जण आपापल्या रेषेवरून उलट पावली चालत ते वर्तुळ शोधायला निघतात.