संथ संगणकाचा तपास

गोदावरीच्या काठी, अंबड तालुक्याच्या सीमेवर वसलेले आणि धुळे-सोलापूर महामार्गाच्या रहदारीने सदैव गजबजलेले शहागड हे परिसरातील खेड्यांचे बाजाराचे गाव. नदीवरचा पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. ज्या कामांसाठी पूर्वी तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत खेटे घालावे लागत, त्यांतील पुष्कळशी कामे आता अशा गावांतल्या सेवा केंद्रांत, एका मेजावरच्या एका संगणकावर पार पडतात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पीकविम्याचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, मुलांच्या प्रवेशपरीक्षांचे फॉर्म हेही त्याच मेजावर आले. आणि विम्याची मुदत संपत आली, दारात माणसे दाटली, की नेमका त्याच वेळी तो संगणक अडून बसतो आणि “काका, सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या” असे उत्तर ऐकून मनुष्य आल्या पावली परत जातो.

सर्व्हर खरोखरच बंद पडतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु इंटरनेटची गरजच नसलेली कामेही, उदाहरणार्थ स्वतःच्याच संगणकातली एखादी फाइल उघडणे, जेव्हा रखडू लागतात, तेव्हा दोष दूरच्या सर्व्हरवर टाकून भागत नाही. तो बहुधा त्या यंत्राच्या पोटातल्या साठवणुकीच्या साधनात, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये असतो, आणि तो ओळखण्याची विद्या कोणाही सामान्य माणसाला आत्मसात करता येण्याजोगी आहे.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय लेप दिलेल्या, अखंड फिरणाऱ्या तबकड्या आणि त्यांवरून सरकणारी एक भुजा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद घेते. भुजेने योग्य वर्तुळावर जाणे आणि हवी ती जागा तिच्याखाली येणे, हे दोन्ही मिळून सरासरी बारा-तेरा मिलिसेकंद जातात. म्हणजे सेकंदाला शंभराच्या आतच निरनिराळ्या ठिकाणी पोहोचता येते. पेशवे दफ्तरातल्या कारकुनाला एकाच रुमालातील शंभर कागद आणावयास सांगितले तर तो ते एका खेपेत आणील. पण शंभर रुमालांतून एकेक कागद काढावयास सांगितला, तर त्याचा दिवस चालण्यातच जाईल. संगणक सुरू होताना विंडोज नेमके हे दुसऱ्या प्रकारचे काम सांगते. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, तीत सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत आणि एका ठिकाणी पोहोचण्यास सुमारे सहाशे मिलिसेकंद लागत. तेव्हापासून साठवणुकीची क्षमता लक्षावधी पटींनी वाढली. पोहोचण्याचा वेग मात्र जेमतेम पन्नास पटींनीच वाढला. फिरता भागच नसलेली एसएसडी बसविताच जुना संगणक नवा वाटू लागतो, त्याचे रहस्य एवढेच आहे.

तपास कसा करावा? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘डिस्क’च्या रकान्यात शंभर टक्के दिसत असतील, तर लगेच अनुमान बांधू नये, परफॉर्मन्सच्या पानावर जाऊन डिस्कचा प्रत्यक्ष वेग आणि प्रतिसादाचा सरासरी काळ पाहावा. वेग मोठा असेल, तर अँटिव्हायरस किंवा विंडोजचे अपडेट आपले काम करीत आहे, थोडे थांबावे. मेमरीही काठोकाठ भरलेली असेल, तर अपुऱ्या रॅमचा भार डिस्कवर पडतो आहे; तेथे इलाज रॅमचा. परंतु डिस्क शंभर टक्के गुंतलेली, वेग नगण्य, आणि प्रतिसादाचा काळ शेकडो, कधी हजारो मिलिसेकंदांचा, असे चित्र वारंवार दिसले, तर ती डिस्क रोगी आहे असे समजावे. माउसचा बाण हलतो, पण खिडकी उघडत नाही. मधूनच आतून टकटक ऐकू येते. खराब झालेली जागा वाचण्याचा डिस्क पुनःपुन्हा प्रयत्न करीत असते आणि विंडोज तिची वाट पाहत खोळंबते.

खातरजमेसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन पुरेसे आहे. डिस्क स्वतःच ठेवीत असलेल्या नोंदी ते दाखवते: ०५ क्रमांकाची नोंद बदललेल्या जागांची, सी५ ही वाचता न येणाऱ्या, निर्णयाची वाट पाहणाऱ्या जागांची. हे आकडे वाढत असतील, तर डिस्कचा भरवसा संपला. मात्र केवळ सी७ वाढत असेल, तर बहुधा दोष जोडणीच्या केबलचा असतो आणि अल्प खर्चात काम भागते. बिघडलेला पेन ड्राइव्ह किंवा जुना डीव्हीडी ड्राइव्हदेखील सगळा संगणक अडवून धरू शकतो. म्हणून बाहेरची साधने आधी काढून पाहावीत. एसएसडीलाही तुडुंब भरलेपण सोसत नाही. तिचा पाचवा-सहावा हिस्सा मोकळा ठेवावा. आणि वीज अवचित जाण्याने दोन्ही प्रकारच्या डिस्कना धोका असल्यामुळे यूपीएसला पर्याय नाही.

येथे एका रूढ प्रथेविरुद्ध मला आग्रहाने लिहिले पाहिजे. संगणक मंदावला की “फॉरमॅट मारून टाका” असा सल्ला सर्रास दिला जातो. मरणोन्मुख डिस्कवर फॉरमॅट करणे किंवा चेकडिस्कची दीर्घ तपासणी लावणे म्हणजे तिचे उरलेसुरले त्राण काढून घेणे होय. प्रथम दस्तऐवजांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, ती उघडून पाहावी, आणि मगच दुरुस्तीस हात घालावा. सातबारा शासनाच्या सर्व्हरवरून पुन्हा काढता येईल. स्कॅन केलेले कागद आणि दुकानाचा हिशेब पुन्हा मिळणार नाही.

केंद्रचालकांना आणखी एक विनंती: काढून टाकलेल्या डिस्कवर गावातल्या माणसांच्या आधार कार्डांच्या आणि बँकेच्या पासबुकांच्या प्रती असतात, आणि नुसते डिलीट केल्याने त्या पुसल्या जात नाहीत; तेव्हा भंगारात देण्यापूर्वी हार्ड डिस्कच्या तबकड्या किंवा एसएसडीतील चिपा आपल्या डोळ्यांदेखत फोडून घ्याव्यात.