अर्जात न उतरलेला अनुभव

गुजरातच्या सीमेलगतच्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील आयटीआय किंवा बारावी झालेल्या तरुणापुढे नोकरीच्या वाटा मोजक्याच असतात. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला उंबरगाव-वापीचे कारखाने आणि शासकीय भरती. उपनगरी लोकल २०१३ मध्ये डहाणू रोडपर्यंत धावू लागल्यावर मुंबईही आवाक्यात आली. या प्रत्येक ठिकाणी उमेदवाराच्या आधी पोहोचतो तो त्याचा अर्ज, आणि पुष्कळदा गाडी तेथेच अडते.

शासकीय भरतीचा प्रश्न त्यामानाने सरळ आहे. तेथे पत्रलेखनाला फारसा वाव उरलेला नाही. ऑनलाइन अर्जातील नाव शाळेच्या दाखल्याशी आणि जातीच्या प्रमाणपत्राशी अक्षरशः जुळणे, हेच तेथे महत्त्वाचे. खासगी कारखान्याकडे जाणारा अर्ज मात्र उमेदवाराला स्वतः रचावा लागतो. तो बहुधा झेरॉक्सच्या दुकानातील ठरावीक नमुन्यावरून उतरवला जातो. 'मी गरीब कुटुंबातील असून मिळेल ते काम करण्यास तयार आहे, संधी दिल्यास आजन्म ऋणी राहीन,' असा त्याचा सूर असतो. यातील एकही शब्द खोटा नसेल. पण निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. त्याला फिटर हवा असतो, ऋणी माणूस नव्हे.

खरी उणीव मात्र वेगळीच आहे. या परिसरातील अनेक तरुण शिकत असतानाच कामही करत असतात. पण त्या कामाचा दाखला मिळत नाही, म्हणून अर्जात 'अनुभव : नाही' असे लिहून मोकळे होतात. डहाणू, चिंचणी, वरोर या किनारपट्टीवर दागिन्यांचे साचे, म्हणजे डाय, कोरण्याचा व्यवसाय घरोघरी चालतो. धातूवर बारीक नक्षी काढणाऱ्या मुलाचा हात आणि नजर टूलरूममध्ये उपयोगी पडणारी असते. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बागेत त्या चिकूची प्रतवारी करून पेट्या भरणाऱ्या मुलीने मालाची पारख आणि मोजदाद यांचा सराव केलेला असतो. हे सारे अनुभवच आहेत. त्यांना प्रमाणपत्र नाही. म्हणून तर ते पत्रात लिहायला हवेत.

ते कसे लिहावेत? विशेषणे टाळून, काम सांगून. 'मी मेहनती व प्रामाणिक आहे' असे कोणीही लिहू शकतो. त्याऐवजी, 'आयटीआयमध्ये फिटरचे शिक्षण घेत असताना दोन वर्षे सुट्टीत डाय कोरण्याचे काम केले. कानस, छिन्नी आणि व्हर्निअर वापरता येतात,' हे एकच वाक्य पुरेसे बोलके आहे. अर्थात, जे येत नाही ते लिहू नये. टूलरूमचा फोरमन पहिल्याच दिवशी व्हर्निअर हातात देतो.

अर्ज एका पानाचा असावा. 'प्रति'नंतर अधिकाऱ्याचे पद, मग विषयात नेमक्या पदाचे नाव आणि संदर्भात जाहिरातीची तारीख यावी. 'कोणत्याही जागेसाठी' असा विषय लिहिलेला अर्ज कोणत्याच जागेच्या गठ्ठ्यात जात नाही. भाषा जाहिरातीची असावी. मात्र इंग्रजी अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेतला असेल, तर त्यातील प्रत्येक वाक्याचा अर्थ उमेदवाराला ठाऊक हवा. मुलाखतीत प्रश्न त्याच कागदावरून विचारले जातात. वारली, मराठी, हिंदी आणि सीमेलगत राहिल्याने कानावर पडलेली गुजराती, या भाषा अवगत असल्यास त्यांचा उल्लेख अवश्य करावा. वापीच्या कारखान्यात हे भांडवलच आहे. अनेकांना ते सांगण्यासारखे वाटत नाही, हे नवलच.

पत्त्याबाबतही थोडे भान हवे. तलासरी गावाला रेल्वे स्थानक नाही. पाड्यावरचा पत्ता वाचून हा मुलगा पहिल्या पाळीला वेळेवर येईल का, अशी शंका निवड करणाऱ्याच्या मनात येते. 'स्वतःची मोटारसायकल आहे' किंवा 'कारखान्याजवळ नातेवाइकांकडे राहण्याची सोय आहे' असे खरे असेल ते लिहिले की ती शंका मिटते. पाड्यावर मोबाइलची रेंज मिळत नसेल, तर गावातील दुकानदाराचा किंवा शिक्षकांचा क्रमांक त्यांच्या परवानगीने खाली द्यावा आणि निरोप कोणत्या वेळी मिळेल, तेही त्यापुढे नमूद करावे.