तीस कोटींचं बटण आणि देवगडची पेटी

एका बटणाची किंमत वर्षाला ३० कोटी डॉलर होती. जॅरेड स्पूल या अमेरिकी सल्लागारानं २००९ साली त्याची हकीकत लिहिली. दुकानाचं नाव त्यानं झाकून ठेवलं, आकडे मात्र उघडे टाकले.

दुकान मोठं, ऑनलाइन. गिऱ्हाईक माल निवडायचं, कार्टमध्ये टाकायचं, पैसे द्यायला निघायचं आणि गल्ल्याच्या अलीकडे एक फॉर्म आडवा यायचा. फॉर्म तरी कसला, दोन चौकटी: ईमेल आणि पासवर्ड. खाली दोन बटणं, ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’, आणि पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी एक लिंक. ज्यांनी तो बसवला त्यांची समजूत अशी, की नवं गिऱ्हाईक एकदा नाव नोंदवेल आणि पुढच्या वेळी त्याचंच काम सोपं होईल. प्रत्यक्षात नवं गिऱ्हाईक वैतागायचं; त्याला वस्तू हवी होती, सभासदत्व नको होतं. जुन्याला पासवर्ड आठवायचा नाही, म्हणून ते दुसऱ्या ईमेलनं पुन्हा नाव नोंदवायचं. तपासलं तेव्हा ४५ टक्के गिऱ्हाइकांची एकाहून अधिक खाती निघाली, काहींची तर दहा-दहा. रोज १ लाख ६० हजार लोक पासवर्ड मागवत होते आणि त्यातले ७५ टक्के पुढे खरेदी पुरी करतच नव्हते.

हा हिशेब जरा थांबून करू. १ लाख ६० हजारांचे ७५ टक्के म्हणजे रोज १ लाख २० हजार माणसं. वानखेडे स्टेडियममध्ये साधारण ३३ हजार प्रेक्षक मावतात. म्हणजे साडेतीन वानखेडे भरतील इतकी माणसं रोज सामान हातात घेऊन गल्ल्यापर्यंत यायची, आणि सामान तिथंच ठेवून निघून जायची. सेकंदाला एकाहून जास्त.

दुरुस्ती काय केली? ‘रजिस्टर’ काढून तिथं ‘कंटिन्यू’ लिहिलं, आणि खाली एक ओळ टाकली की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. खरेदी पुरी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले. पहिल्या महिन्यात दीड कोटी डॉलर जादा आले, वर्षभरात ३० कोटी. बटणाचा रंग, आकार, जागा यावर आमच्या धंद्यात तासन्‌तास वाद चालतात. इथं बदलला होता एक शब्द.

मी छोट्या व्यापाऱ्यांसाठी दुकानांच्या साइट्स बनवतो. पैठण्या, पुस्तकं, मसाले, आणि गेल्या हंगामात देवगडच्या एका मित्राचा हापूस. ‘साइट कशी दिसते’ हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो. मला तो दुय्यम वाटतो. साध्या दुकानात चूक एकदा होते आणि समोरच्या माणसाला कळते. ऑनलाइन दुकानातली चूक ही गुणाकाराची चूक असते. गुण्य इतकं लहान की कोणाच्या डोळ्यात येत नाही, आणि गुणक लाखांत असतो.

एक्सपीडिया या प्रवासाच्या कंपनीचं उदाहरण २०१० साली गाजलं होतं. तिच्या पैसे भरण्याच्या पानावर नावाखाली ‘कंपनी’ अशी एक चौकट होती, तीसुद्धा ऐच्छिक. काही लोकांना वाटलं, कार्ड कोणत्या कंपनीचं ते विचारतायत. त्यांनी बँकेचं नाव टाकलं. मग पुढच्या ‘पत्ता’ या चौकटीत, ओघानंच, बँकेचा पत्ता टाकला. कार्डाची पडताळणी घराच्या पत्त्यावरून व्हायची, ती साहजिकच फसली. चौकट काढून टाकली आणि वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरनं वाढला. भरलीच पाहिजे अशी सक्ती नसलेल्या चौकटीनं हे केलं होतं, हे विशेष.

कार्टमध्ये माल टाकून न घेता जाणाऱ्यांचं सरासरी प्रमाण जगभरच्या पाहण्यांमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास येतं. सगळेच काही फॉर्ममुळे जात नाहीत. कित्येक जण नुसतेच तुळशीबागेत फिरायला आल्यासारखे असतात, त्यांना पिशवी भरून बघण्यात मजा वाटते. पण उरलेल्यांत एक मोठा गट असतो, ज्यांना खरंच घ्यायचं होतं.

आता वेळ. ग्रेग लिंडन हा ॲमेझॉनचा जुना अभियंता. २००६ मध्ये त्यानं तिथल्या प्रयोगांचा निष्कर्ष सांगितला: पान दर १०० मिलिसेकंद उशिरा उघडलं की विक्री १ टक्क्यानं घटते. १०० मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, पापणी लवायलासुद्धा निदान तेवढा वेळ लागतो. त्या वर्षी ॲमेझॉनची विक्री होती सुमारे १०.७ अब्ज डॉलर. एक टक्का म्हणजे १० कोटी ७० लाख डॉलर. पापणी एकदा लवण्याची ही किंमत.

आणि इथं आमची गाठ थेट प्रकाशाशी पडते. पोकळीत प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, काचेच्या तंतूत त्याचा वेग २ लाखांवर येतो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन २५ हजार. भागाकार केला की १२५ मिलिसेकंद येतात. म्हणजे सर्व्हर अमेरिकेत असला तर ॲमेझॉनचा तो दहावा भाग नुसत्या ये-जा करण्यातच संपला, कोणी काही काम करायच्या आधी! त्यात सुरक्षित जोडणी उघडायची तर एका खेपेत भागत नाही. ‘आहेस का?’ ‘आहे.’ ‘कुलूप कोणतं वापरायचं?’ ‘हे.’ ‘बरं, आता पान दे.’ तीन खेपा धरल्या तर ३७५ मिलिसेकंद. प्रत्यक्षातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, तेव्हा हा आकडा सौम्यच म्हणायचा. प्रकाशाला घाई करता येत नाही. मग उरतो वाण्याचा जुना उपाय: माल गिऱ्हाइकाच्या जवळच्या वखारीत आणून ठेवायचा. वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर फोटोंच्या प्रती ठेवतात, ती हीच वखार.

फोटोंवरून मित्राची आठवण येणारच. त्यानं बागेचे, पेट्यांचे, कापलेल्या फोडींचे २४ फोटो मोबाइलवरून थेट साइटवर चढवले होते. एकेक फोटो ४ एमबीचा. एकूण ९६. मी त्याला वजन समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण एमबी या शब्दानं कोणाच्याच मनात वजन उभं राहत नाही. मग दुसरा हिशेब मांडला. ज्ञानेश्वरीत साधारण ९ हजार ओव्या. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला संगणकाला ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी वेगळी धरून. एका ओवीत अशी साठेक चिन्हं धरली तर ओवीला १८० बाइट, आणि अख्खी ज्ञानेश्वरी सुमारे १.६ एमबी. म्हणजे आंब्याचं एक पान उघडताना गिऱ्हाइकाच्या फोनवर साठ ज्ञानेश्वऱ्या उतरत होत्या. सेकंदाला १० मेगाबिटच्या जोडणीवर याला ७७ सेकंद लागतात. फोटो बघायचा तो तळहाताएवढ्या पडद्यावर! ४००० बाय ३००० ठिपक्यांचं चित्र उतरवून ४०० बाय ३०० च्या खिडकीत दाखवणं म्हणजे शंभर ठिपके आणून नव्याण्णव टाकून देणं. फोटो ६० केबीवर आणले, सगळे मिळून एका ज्ञानेश्वरीच्या आत बसले. आंब्याचा रंग तोच राहिला. मित्राला मात्र अजून वाटतं की मी त्याचे फोटो बिघडवले.

एक साधं पान दिसतं तेव्हा पडद्यामागं किती जण राबतात, त्याचा आकडा ॲमेझॉनच्याच अभियंत्यांनी २००७ सालच्या एका शोधनिबंधात दिला आहे. एक पान तयार करायला दीडशेहून अधिक वेगवेगळ्या सेवांकडे विचारणा जाते. किंमत एकाकडे, साठा दुसऱ्याकडे, ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ तिसऱ्याकडे. समजा, प्रत्येक सेवा १०० पैकी ९९ वेळा झटपट उत्तर देते. उत्तम नोकर म्हणायचा. पण दीडशेच्या दीडशे जणांनी एकाच वेळी झटपट उत्तर देण्याची शक्यता? ०.९९ चा दीडशेवा घात, म्हणजे जेमतेम २२ टक्के. उरलेल्या ७८ टक्के वेळा कोणीतरी एक जण रेंगाळलेला असतो. जेवणाच्या पंगतीत शेवटचा माणूस उठेपर्यंत सगळे थांबतात, तसं.

त्याच निबंधात कार्टबद्दलचा निर्णय आहे आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. दोन यंत्रांकडे कार्टच्या दोन वेगळ्या नोंदी असतील आणि खरी कोणती ते ठरत नसेल, तर दोन्ही एकत्र करा. टाकलेली वस्तू कधीच हरवायची नाही. याचा दुष्परिणाम असा, की काढून टाकलेली वस्तू क्वचित परत उगवते. चालेल, म्हणाले. गिऱ्हाईक जादाची वस्तू पुन्हा काढेल, हरवलेली पुन्हा शोधायला येईलच असं नाही.

मला स्वतःला चक्रावून टाकणारा आकडा मात्र अगदी निरुपद्रवी जागी लपलेला असतो: डाव्या बाजूच्या फिल्टरमध्ये. साड्यांच्या दुकानात रंग, पोत, काठ, किंमत असे दहा फिल्टर घ्या, प्रत्येकात पाच पर्याय, पैकी एक निवडायचा किंवा काहीच नाही. सहाचा दहावा घात: ६ कोटी ४ लाख ६६ हजार १७६ वेगवेगळी पानं. दुकानात साड्या तीनशे! शोधयंत्राचा सांगकाम्या रोबो सेकंदाला एक पान वाचत बसला तर त्याला ७०० दिवस लागतील. आता एका पैठणीवाल्यांनी हट्ट धरला, की एकाच फिल्टरमध्ये हवे तितके पर्याय निवडता आले पाहिजेत. म्हणजे लालही आणि हिरवाही. मागणी रास्त होती. पन्नास चौकोन, प्रत्येकात खूण आहे किंवा नाही. दोनचा पन्नासावा घात. सव्वाअकरा कोटी वेळा एक कोटी. सेकंदाला एक पान या वेगानं साडेतीन कोटी वर्षं. सह्याद्रीचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे. म्हणजे त्यातलं निम्म्याहून अधिक आयुष्य रोबोनं तीनशे साड्या बघण्यात घालवायचं. म्हणून मोजकी पानं सोडून बाकी सगळ्यांवर रोबोला ‘प्रवेश बंद’ची पाटी लावायची असते. हे काम कुणाला दिसत नाही आणि त्याचे पैसे मागताना मला दर वेळी लाज वाटते.

गर्दीचं काय सांगायचं! ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टनं ‘बिग बिलियन डे’ भरवला. जवळपास ५ हजार सर्व्हर लावले होते, नेहमीच्या वीसपट गर्दीची तयारी होती. दहा तासांत ६०० कोटींचा माल गेला, सेकंदाला सव्वा-दीड लाख रुपयांच्याही वर. तरी साइट कोलमडली आणि दोन्ही संस्थापकांना दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची माफी मागावी लागली. चीनमध्ये अलीबाबाच्या ११ नोव्हेंबरच्या सेलला २००९ साली ऐन गर्दीत सेकंदाला ४०० ऑर्डरी होत्या. २०२० मध्ये ५ लाख ८३ हजार. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत भरते. अख्ख्या कोल्हापुरानं, तान्ह्या पोरांसकट, एका सेकंदात एकेक ऑर्डर द्यावी तसं ते. आणि त्या एका सेकंदात प्रत्येक वस्तूचा साठा बरोबर एकानं कमी व्हायला हवा. शेवटचा नग दोघांना विकला जाता कामा नये.

आपल्याकडे हा शेवटच्या नगाचा खेळ कोकणातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. गणपतीच्या गाडीचं आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. आयआरसीटीसीच्या साइटनं मार्च २०२० मध्ये एका मिनिटात २६,४५८ तिकिटं काढल्याची नोंद आहे, म्हणजे सेकंदाला ४४१. दीड हजार बर्थची एक गाडी धरा, आणि सगळे तिच्याच मागं लागले असं धरा. साडेतीन सेकंद. यंत्राचा वेग दहापट केला तर तीच गाडी सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात भरेल. बर्थ दीड हजारच राहतील.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर एका गृहस्थांची आठवण काढली पाहिजे. श्रीराम भिकाजी वेलणकर, रत्नागिरी जिल्ह्यातले, संस्कृतचे पंडित आणि कवी, नोकरी टपाल खात्याची. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला तो त्यांच्या योजनेतून. ऑनलाइन दुकान तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आज फॉर्ममध्ये सर्वांत आधी पिनकोड विचारला, की सहा आकड्यांत शहर, जिल्हा, राज्य या तीन चौकटी आपोआप भरता येतात. गिऱ्हाइकाचे वीस सेकंद वाचतात. १ कोटी ऑर्डरींवर हे वीस सेकंद सव्वासहा वर्षांहून अधिक होतात. तरीही पुष्कळ साइट्स अजून राज्यांची लांबलचक यादी उघडून ‘महाराष्ट्र’ शोधायला लावतात. ‘म’पर्यंत अंगठा दुखून येतो.

देवगडच्या मित्राच्या फॉर्ममध्ये अकरा चौकटी होत्या. जन्मतारीख होती. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हेही होतं. भांडून-भांडून मी चारवर आणल्या: नाव, मोबाइल, पिनकोड, घराचा पत्ता. खातं नाही, पासवर्ड नाही. मी खूश होतो. हंगाम सुरू होऊन आठवडा झाला आणि त्याचा फोन आला, पाचवी चौकट हवी.

‘कसली?’

‘कच्चा पाठवू की पिकलेला? लग्नाला हवाय की घरी आढी घालून ठेवणार?’

मी त्याला एक्सपीडियाचे १ कोटी २० लाख डॉलर सांगितले, स्पूलचं बटण सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘त्यांचा माल वाटेत पिकत नाही रे.’